जहाजावर साथ आली तर? क्रूझ प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई–गोवा–लक्षद्वीप अशी छोटी सफर असो, सिंगापूरहून सुटणारं जहाज असो, की अमेरिकेतल्या लेकीकडे गेल्यावर मायामीहून धरलेली आठवड्याची कॅरिबियन सफर असो, आमच्याकडे येणारे प्रश्न जवळपास सारखेच असतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं लिहिलं आहे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नेहमीची औषधं चालू असतील तर त्यातले बदल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

१. क्रूझवर साथ म्हणतात ती नक्की कशाची असते?

बहुतेक वेळा पोटाची. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, अंग मोडून येणं. तिच्यामागे बहुतांशी नोरोव्हायरस असतो, क्वचित ई-कोलायसारखे जिवाणू. दुसरा गट श्वासाच्या आजारांचा, म्हणजे फ्लू, कोविड, साधी सर्दी (प्रश्न १६). तिसरा, लीजनेला नावाच्या जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया, दुर्मिळ पण गंभीर. तो माणसाकडून माणसाला होत नाही, पाण्याच्या तुषारांतून येतो (प्रश्न १७). तिन्हींपासून बचावाचे मार्ग वेगळे आहेत. मास्क लावून नोरोव्हायरस थांबत नाही आणि हात धुऊन लीजनेला टळत नाही.

२. नोरोव्हायरस इतका झपाट्याने का पसरतो?

आजारी पडायला त्याचे अगदी थोडे कण पुरतात. १८ ते १०० इतके कमी कणही पुरे, असा अंदाज आहे. आजारी माणसाच्या एका उलटीतून यापेक्षा कितीतरी पटींनी कण बाहेर पडतात, आणि उलटीचे बारीक थेंब आसपासच्या टेबलावर, गालिच्यावर, कठड्यावर बसतात. तिथे हा विषाणू बरेच दिवस टिकतो. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात, बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरं वाटतं. खरी मेख पुढे आहे: बरं वाटल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो.

शिवाय त्याचे प्रकार बरेच आहेत आणि एकदा होऊन गेल्याने कायमची प्रतिकारशक्ती येत नाही. ‘मला मागच्या वर्षीच झालं होतं’ या भरवशावर राहू नका. बाजारात याची लसही नाही.

३. क्रूझ म्हणजे तरंगतं आजारपण, हे खरं का?

अर्धं खरं. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींमध्ये क्रूझचा वाटा सुमारे एक टक्का असतो. रुग्णालयं आणि वृद्धाश्रम यांचा वाटा खूप मोठा आहे. जहाजाची बातमी होते कारण जहाजाला मोजणी सक्तीची असते, आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीला नसते. तरीही दोन-तीन हजार माणसं तेच कठडे, तीच लिफ्टची बटणं, तेच बुफेचे डाव आठवडाभर हाताळतात, हे नाकारता येत नाही. आजारी माणूस दुसऱ्या दिवशी घरी जात नाही, तिथेच असतो, आणि लाजेपोटी किंवा केबिनमध्ये बसावं लागेल या भीतीने तो गप्प राहिला तर प्रश्न वाढतो. आमच्या मते निम्मी साथ विषाणू पसरवतो आणि निम्मी हे गप्प राहणं.

४. दारोदारी सॅनिटायझर असतो. तो पुरत नाही का?

फ्लू आणि कोविडसाठी बऱ्यापैकी पुरतो. नोरोव्हायरससाठी नाही. अल्कोहोल ज्या विषाणूंचं स्निग्ध आवरण फोडतं, तसं आवरण नोरोव्हायरसला नसतंच. साबण त्याला मारतो म्हणून नव्हे, तर चोळण्याने आणि वाहत्या पाण्याने तो हातावरून निघून जातो म्हणून हात धुवायचे. बुफेच्या दाराशी उभा असलेला कर्मचारी हातावर सॅनिटायझर फवारतो तेव्हा नाही म्हणू नका, पण त्याला हात धुणं समजू नका. बऱ्याच जहाजांनी आता बुफेच्या तोंडाशीच बेसिनं बसवली आहेत. रांग असली तरी तिथे थांबा.

५. हात नेमके कधी आणि कसे धुवायचे? आम्ही हाताने जेवतो.

हा प्रश्न आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. चूक बहुतेकदा धुण्यात नसते, धुण्याच्या वेळेत असते. माणूस बुफेत शिरताना हात धुतो, मग दहा पदार्थांचे चिमटे आणि डाव धरतो, ज्यांना त्याच्याआधी शंभर जणांनी धरलेलं असतं, मग खुर्ची ओढतो, फोन काढून ताटाचा फोटो घेतो आणि त्याच हाताने पोळीचा तुकडा मोडतो.

क्रम उलटा करा. आधी ताट वाढून घ्या आणि टेबलावर ठेवा. घरातलं एक जण ताटांपाशी थांबू दे. बाकीचे हात धुऊन येतील, मग थांबलेला जाईल. हात धुतल्यावर फोन, मेन्यूकार्ड, मिठाची डबी यांना जेवण होईपर्यंत हात लावायचा नाही. हे जमणार नसेल तर साथ असेपर्यंत वरण-भातही चमच्याने खा. पाव, सँडविच, फ्राइज, फळं हेसुद्धा हाताने खाल्लं जातं हे लक्षात ठेवा. नियम फक्त आपल्या जेवणाला लागू नाही.

धुताना साबण लावून एक ते वीस सावकाश मोजा. बोटांची टोकं, नखांखालची जागा, अंगठ्याचा बुंधा आणि अंगठीखालची त्वचा सुटते, ती आठवणीने चोळा. अंगठी सैल असेल तर सफरीपुरती काढून ठेवा. कागदी रुमालाने हात पुसा, त्याच रुमालाने नळ बंद करा आणि दार उघडा. रुमाल टाकायला दाराशेजारीच टोपली असते, ती याचसाठी.

उष्टं खाण्याची सवय मात्र जहाजावर चढताना किनाऱ्यावरच सोडा. ‘हे बघ कसं लागतं’ म्हणून एका चमच्याने चौघांनी चाखलेलं आइस्क्रीम चौघांनाही महागात पडू शकतं.

६. जहाजावर जेट स्प्रे नसतो. बाटली किंवा पाण्याचा मग नेला तर चालेल का?

चालेल. बरेच जण नेतात. फक्त प्रत्येकाची बाटली वेगळी हवी, कारण ती ज्या हाताने धरली जाते तो हात स्वच्छ नसतो. वापर झाला की हातांबरोबर बाटलीही बाहेरून साबणाने धुवा. टूथब्रश बेसिनच्या कडेवर उघडे ठेवू नका. त्या चिमुकल्या बाथरूममध्ये बेसिन आणि कमोड यांत जेमतेम हातभर अंतर असतं. ब्रश कपाटात ठेवा आणि फ्लश करताना झाकण खाली करा.

जहाजाचं शौचालय हवेच्या दाबावर ओढून घेतं. त्यात ओले वाइप्स, डायपर, पॅड टाकले तर नळी तुंबते, आणि तुंबली की अनेकदा ओळीतल्या सगळ्याच केबिनचे फ्लश बंद पडतात. जुलाबांची साथ चालू असताना हे काय होऊन बसेल, ते सांगायला नको.

७. नळाचं पाणी प्यावं का? बर्फाचं काय?

मोठ्या क्रूझ जहाजांवर पाणी समुद्रातून शुद्ध केलेलं किंवा बंदरातून भरलेलं असतं आणि त्यात सतत क्लोरीन असतं. अमेरिकेच्या तपासणी नियमांनुसार नळापर्यंत पोचताना ते किमान ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) असावं लागतं. ते पाणी आणि जहाजावर बनलेला बर्फ सहसा सुरक्षित असतो. बिघडतं ते बाटली भरताना. तोंड लावलेली बाटली लोक पाण्याच्या तोटीला टेकवतात आणि मागच्या सगळ्यांना आपले जंतू भेट देतात. बाटली तोटीपासून दूर धरा किंवा पेल्यात पाणी घेऊन बाटलीत ओता.

किनाऱ्यावर उतरल्यावर मात्र त्या गावाचे नियम. बर्फ, कापलेली फळं, उघडी चटणी टाळा. सीलबंद बाटली जहाजावरूनच न्या.

८. औषधांच्या पिशवीत काय ठेवायचं?

चार जणांच्या कुटुंबाला आठवड्यासाठी: ओआरएसची एक लिटरची आठ-दहा पाकिटं, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, समुद्र लागण्यावरची गोळी (डॉक्टरांना विचारून), सर्दी-खोकल्याची साथ असेल तर प्रत्येकी चार-पाच एन-९५ मास्क, कोविड चाचणीचे दोन किट, हातमोज्यांच्या काही जोड्या, जाड कचरापिशव्या, साबणाची छोटी बाटली. नेहमीची औषधं सफरीच्या दिवसांपेक्षा किमान एक आठवडा जास्त, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह. ही औषधं केबिनमध्ये न्यायच्या हातातल्या बॅगेतच ठेवा. मोठी बॅग केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते.

ओआरएस घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र असल्याचं पाहा. फळांच्या चवीची तयार खोकी बरीच वर्षं ‘ओआरएस’ नावाने विकली जायची आणि त्यातल्या अनेकांत साखर खूप जास्त असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) असं नाव वापरायला मनाई केली, तरी जुना साठा कुणाच्या घरात असू शकतो. जास्त साखरेने जुलाब वाढतात.

ब्लीच नेऊ नका. विमानात चालत नाही आणि जहाजावर लागतही नाही.

९. निघायच्या आदल्या दिवशी पोट बिघडलं. गोळी घेऊन चढू का?

नको. चढताना आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, त्यात गेल्या दोन-तीन दिवसांतल्या उलट्या-जुलाबांची विचारणा असते. खोटं लिहून चढलात आणि रात्री त्रास वाढला, तर केबिनमध्ये बसावं लागेलच, शिवाय विम्याचा दावाही अडचणीत येईल. खरं सांगितलं की जहाजाची परिचारिका किंवा डॉक्टर विचारपूस करतात. एखादा जुलाब होऊन थांबला असेल तर बहुतेकदा चढू देतात. नाकारलं तर काय, याचं उत्तर प्रश्न २० मध्ये आहे.

१०. मळमळतंय. समुद्र लागला की साथ लागली, कसं ओळखायचं?

समुद्र लागतो तेव्हा जहाज हलायला लागल्यावर त्रास सुरू होतो, मधल्या भागात खालच्या डेकवर आडवं पडल्यावर किंवा क्षितिजाकडे पाहिल्यावर कमी होतो, ताप नसतो, जुलाब नसतात. नोरोव्हायरस शांत समुद्रातही अचानक येतो. जेवता जेवता मळमळ, तासाभरात उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, अंगदुखी, थोडा ताप. एकाच कुटुंबात एक-दोन दिवसांच्या अंतराने दुसरा माणूस पडला तर शंका उरत नाही.

गोंधळ असेल तर साथ समजून वागा. समुद्र लागण्याची गोळी घेऊन डेकवर फिरलात आणि ती साथ निघाली, तर तोवर वीसएक कठड्यांना हात लावून झालेला असतो.

११. जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पहिल्या काही तासांत काय करायचं?

केबिनमध्येच थांबा आणि फोनवरून वैद्यकीय केंद्राला कळवा. क्रमांक फोनवरच छापलेला असतो. स्वतः चालत जाऊ नका, ते सांगतील तेव्हाच जा. २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब, किंवा उलटीबरोबर जुलाब, ताप, अंगदुखी, मुरडा यांपैकी काहीही, ही जहाजाच्या नोंदीची व्याख्या आहे. तिच्यात बसत असाल तर कळवणं टाळू नका. साथीत ही तपासणी अनेक जहाजं फुकट करतात.

पाणी भरून काढणं हाच मुख्य उपचार. ओआरएसचं एक पाकीट एका लिटरमध्ये पूर्ण विरघळवा. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये करायला जाऊ नका, प्रमाण चुकतं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं काहीही देऊ नका, मग चमचा-चमचा, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने. घटाघट प्यायलं की परत बाहेर येतं आणि माणूस ‘पाणीसुद्धा पचत नाही’ म्हणून सोडून देतो. प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाने एक ग्लास, म्हणजे २०० मि.ली. तरी घ्यावा. बनवलेलं द्रावण २४ तासांनी फेका.

पाकीट नसेल तर रूम सर्व्हिसकडून साखर आणि मीठ मागवा: एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. ‘सपाट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला ते धोक्याचं ठरतं.

खायला मऊ भात, दही, केळं, टोस्ट, उकडलेला बटाटा. केबिनमध्ये थांबवलेल्यांना साधं जेवण दाराशी आणून देतात, आणि ‘साधा भात, दही, मीठ’ एवढं सांगितलं की भारतीय आचारी नसलेल्या जहाजावरही काम भागतं.

लगेच डॉक्टर हवा अशी चिन्हं: सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहताना चक्कर, शौचात रक्त, १०२ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, काहीही पोटात न टिकणं, गुंगी.

१२. आमच्याकडे जुलाबावरच्या अँटिबायोटिक गोळ्या असतात. त्या घेतल्या तर?

नोरोव्हायरस हा विषाणू आहे, अँटिबायोटिकचा त्याच्यावर शून्य परिणाम. उलट पोटातले चांगले जिवाणू मारून जुलाब लांबू शकतात. लोपेरामाइड या जुलाब रोखणाऱ्या गोळीने जुलाब थांबल्यासारखे वाटतात. रक्त किंवा जोराचा ताप असेल तर ती घेऊ नये आणि लहान मुलांना तर देऊच नये. तिचा आणखी एक तोटा असा, की माणसाला बरं वाटतं आणि तो संसर्ग घेऊन बुफेत जातो. पाणी कमी झालेल्या शरीरात आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्या.

१३. केबिनमध्ये किती वेळ थांबावं लागतं? सक्ती करू शकतात का?

पोटाच्या साथीत प्रवाशांसाठी सर्वसाधारण नियम शेवटच्या जुलाब-उलटीनंतर किमान २४ तासांचा. घड्याळ औषध घेतल्यापासून नाही, शेवटच्या लक्षणापासून सुरू होतं. मध्ये एक जुलाब झाला की परत शून्यापासून. जहाजाच्या अटी तुम्ही तिकिटाबरोबर मान्य केलेल्या असतात, त्यामुळे कॅप्टन थांबवू शकतो आणि वारंवार नियम मोडल्यास पुढच्या बंदरात उतरवूही शकतो. ४८ तास थांबलात तर सोबतच्यांवर उपकार होतील, असं आम्ही सुचवू. विषाणू तेव्हाही संपलेला नसतो (प्रश्न २), म्हणून बाहेर आल्यावरही बुफेचे चिमटे स्वतः धरू नका, टेबलावर वाढणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये जेवा.

१४. एकाच केबिनमध्ये चौघं आहोत आणि एक आजारी पडला. बाथरूम एकच. काय करायचं?

आधी दुसरी केबिन मिळते का विचारा. भरलेल्या जहाजावर मिळत नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. नाही मिळाली तर:

आजारी माणसाला बाथरूमच्या जवळचा पलंग आणि उलटीसाठी कचरापिशवी लावलेली टोपली द्या. दोन टॉवेल फक्त त्याचे, वेगळ्या खुंटीला. एकच माणूस त्याचं करील, बाकीचे नाहीत, आणि करणारा मुलांना भरवणार नाही. बाथरूम आजारी माणसाने वापरल्यावर फ्लशचं बटण, नळ, दाराची कडी पुसून घ्यायची. त्यासाठी जहाजाकडून जंतुनाशक पुसणी मागा. नोरोव्हायरसवर चालणारीच हवी, हे स्पष्ट सांगा.

उलटी गालिच्यावर झाली तर स्वतः पुसायला बसू नका. कोरड्या टॉवेलने झाका, त्या जागेपासून मुलांना दूर करा आणि हाउसकीपिंगला फोन करा. त्यांचं वेगळं पथक असतं, हातमोजे, मास्क, क्लोरीन आणि वाफेची यंत्रं घेऊन येतं. घाण कपडे झटकू नका. पिशवीत गुंडाळून ‘आजारी माणसाचे कपडे’ असं सांगून द्या.

१५. लहान मुलं, ज्येष्ठ आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी वेगळं काय?

मुलं पाण्याच्या कमतरतेने लवकर कोमेजतात. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मि.ली., दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मि.ली. ओआरएस, चमच्याने. अंगावरचं दूध चालू ठेवा. रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेले, मूल मलूल झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. डायपर घालणाऱ्या मुलांना बहुतेक जहाजांच्या तलावात मनाई असते. पोहण्याचा खास डायपर जुलाब अडवत नाही. किड्स क्लबमध्ये आजारी मुलाला पाठवणं म्हणजे वीस घरांना आजार पाठवणं.

ज्येष्ठांच्या बाबतीत औषधं हा नाजूक भाग. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, मेटफॉर्मिन, तसंच साखर लघवीवाटे काढणाऱ्या मधुमेहाच्या नव्या गोळ्या जुलाबांमध्ये त्रासदायक ठरू शकतात. ‘जुलाब-उलट्या लागल्या तर यातलं काय थांबवायचं आणि कधी परत सुरू करायचं?’ हा प्रश्न निघण्याआधी डॉक्टरांना विचारून उत्तर कागदावर लिहून घ्या. इन्शुलिन मनाने बंद करू नका. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या जास्तीच्या ठेवा.

गरोदर स्त्रियांना बहुतेक कंपन्या २४ व्या आठवड्यापासून घेत नाहीत. त्याआधीही डॉक्टरांचं पत्र लागतं.

१६. साथ पोटाची नसून तापा-खोकल्याची असेल तर?

इथे हवा महत्त्वाची. बंद थिएटर, बार, कॅसिनो, लिफ्ट यांत एन-९५ नीट बसवून घाला. जेवायला उघड्या डेकवरची जागा घ्या. फ्लूची लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्या, कारण परिणाम यायला तेवढा वेळ लागतो. जहाजावर जगाच्या दोन्ही गोलार्धांतली माणसं एकत्र येतात, त्यामुळे ‘हा काही फ्लूचा महिना नाही’ हे गणित तिथे चालत नाही.

फ्लूचं औषध ओसेल्टामिविर लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतलं तर जास्त उपयोगी. म्हणून साठी उलटलेल्यांनी, दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी ‘उद्या बघू’ करू नये. बाहेर केव्हा यायचं? औषधाशिवाय २४ तास ताप नाही आणि तब्येत सुधारते आहे, तेव्हा, आणि पुढचे पाच दिवस मास्क लावून. जहाजाचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळावा लागेल.

१७. जकुझीत बसणं सुरक्षित आहे का?

नीट राखलेली असेल तर बहुतेकांसाठी हो. लीजनेला जिवाणू कोमट पाण्यात, साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो, आणि बुडबुड्यांचे तुषार श्वासात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातं, गर्दी असेल तर आणखी लवकर. जकुझीत किमान ३ पीपीएम क्लोरीन हवं. तपासायच्या पट्ट्या तलावाच्या सामानाच्या दुकानात मिळतात. पाणी गढूळ, काठ बुळबुळीत असेल तर पट्टीची गरज नाही, परत फिरा. पन्नाशी उलटलेले धूम्रपान करणारे आणि फुप्फुसांचे किंवा प्रतिकारशक्तीचे आजार असलेले यांनी ती टाळलेलीच बरी.

लक्षणं २ ते १४ दिवसांनी येतात, म्हणजे अनेकदा घरी परतल्यावर. खोकला-ताप घेऊन डॉक्टरकडे गेलात तर क्रूझवर गेलो होतो हे आपणहून सांगा. त्याची चाचणी वेगळी मागावी लागते.

१८. तिकीट काढण्याआधी जहाज स्वच्छ आहे का, हे कसं कळेल?

अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांसाठी सोय चांगली आहे. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा जहाज-स्वच्छता कार्यक्रम अचानक तपासण्या करून १०० पैकी गुण देतो. ८६ किंवा जास्त म्हणजे उत्तीर्ण, ८५ ला नापास. गुण आणि सापडलेले दोष वेबसाइटवर सगळ्यांना पाहता येतात. दोष जरूर वाचा. ९५ गुण मिळवणाऱ्या जहाजाचा दोष भटारखान्यातल्या हात धुण्याच्या बेसिनबद्दल असेल तर तो गुणांपेक्षा बोलका आहे. ३ टक्के किंवा जास्त प्रवासी किंवा कर्मचारी पोटाच्या आजाराने पडले की साथीची नोंदही तिथे लागते.

जुन्या साथीवरून जहाज बाद करू नका. साथ बहुधा प्रवाशांबरोबर चढते आणि प्रामाणिक नोंद करणारं जहाज यादीत जास्त दिसतं.

१९. अख्खं जहाजच बंदरात रोखून धरलं तर?

बंदरात शिरण्याआधी कॅप्टनला आजाऱ्यांची माहिती द्यावी लागते आणि बंदराचे आरोग्य अधिकारी उतरण्याची परवानगी देतात किंवा अडवतात. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ रोखली गेली. जहाजावरच्या ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना कोविडची लागण झाली. जहाजावर एकूण १३८ भारतीय होते, पैकी १३२ कर्मचारी. प्रवासी केबिनमध्ये बंद होते तेव्हाही कर्मचारी एकत्र राहत, जेवत आणि दारोदार ताटं पोचवत होते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका जहाजावर ६६ जणांची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि जहाज मुंबईला परत फिरवावं लागलं.

तुमच्या हातात काय? औषधांचा जास्तीचा आठवडा (प्रश्न ८), परतीच्या विमानाची बदलता येणारी तारीख, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती फोनमध्ये. मूळ पासपोर्ट अनेकदा जहाजाकडे जमा असतो. भारतीय पासपोर्ट असेल तर मल्टिपल एंट्री व्हिसाचा आग्रह धरा. मध्येच दुसऱ्या बंदरात उतरवलं तर एकदाच चालणारा व्हिसा अडचण करतो.

२०. पैसे परत मिळतात का? विमा काय देतो?

चढण्याआधी आजारपणामुळे नाकारलं तर काही कंपन्या पुढच्या सफरीसाठी रक्कम जमा ठेवतात, रोख क्वचित. केबिनमध्ये गेलेल्या दिवसांची भरपाई प्रत्येकाच्या अटींवर. वैद्यकीय केंद्राचं बिल तुमच्या जहाजावरच्या खात्यात पडतं आणि ते उतरण्याआधी भरावं लागतं. विमा नंतर परतावा देतो, म्हणून तपशीलवार बिल, निदानाचा कागद आणि केबिनमध्ये थांबवल्याचं पत्र डॉक्टरांकडून घ्या. उतरल्यावर हे कागद मिळवणं फार जिकिरीचं असतं.

पॉलिसीत तीन गोष्टी शोधा: दवाखान्यात दाखल न होता झालेला खर्च, समुद्रातून किनाऱ्यावर नेण्याचा खर्च, आणि क्वारंटाइनमुळे वाढलेला मुक्काम. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी लागणारं ३०,००० युरोचं किमान कवच हेलिकॉप्टरने न्यायची वेळ आली तर अपुरं पडू शकतं.

२१. मुलगा क्रूझवर नोकरीला आहे. आजार सांगितला तर पगार कापतील या भीतीने तो लपवतो.

कोकण आणि गोव्यातून हा प्रश्न बराच येतो. सागरी कामगार करार, २००६ नुसार (भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला) जहाजावर आजारी पडलेल्या खलाशाला जहाजावर असेपर्यंत पूर्ण वेतन मिळायला हवं आणि उपचारांचा खर्च मालकाचा. जिथे टिपांवर कमाई आहे तिथे नुकसान होतं हे खरं आहे. पण अन्न हाताळणाऱ्याला लक्षणं थांबल्यापासून ४८ तास आणि इतरांना २४ तास कामापासून दूर ठेवण्याचा नियम त्याच्याच सहकाऱ्यांसाठी आहे, कारण केबिनमध्ये त्याच्या डोक्यावरच्या बंकवर कुणीतरी झोपतं.

२२. दक्षिण अमेरिकेच्या क्रूझला पिवळ्या तापाची लस लागते का?

ब्राझील, कोलंबिया, पेरू अशा देशांत उतरणार असाल तर भारतात परत येताना प्रमाणपत्र मागतात. ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि वयाची साठी झाली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

२३. घरी परतलो, दोन दिवसांत सत्यनारायण आहे. स्वयंपाक करू का?

लक्षणं थांबून पूर्ण ४८ तास झाले नसतील तर नाही. त्यानंतरही पहिले दोन आठवडे प्रसाद हाताने वळण्याऐवजी पळीने वाढा आणि शौचानंतर साबणाने हात धुण्यात कसूर नको. बाथरूमसाठी ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २० मि.ली. एक लिटर पाण्यात घाला, म्हणजे साधारण १,००० पीपीएमचं द्रावण होतं. उलटी झालेली जागा असेल तर १०० मि.ली. घाला. आधी घाण पुसा, मग द्रावण लावून पाच मिनिटं ओलं राहू द्या, खिडकी उघडी ठेवून. फिनाइल किंवा सुवासिक लादी-क्लीनरवर विसंबू नका. आणि हायपोक्लोराइट टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. बॅगेतले मळके कपडे इतरांच्या कपड्यांत न मिसळता यंत्राच्या सगळ्यात गरम पाण्यावर धुवा, आणि रिकामी बॅग आतून पुसून उन्हात उघडी ठेवा.